येताना आई आणावी

"मोठ्यानं वाच," आई म्हणाली.

"तुला येतंय की वाचायला."

"मला येतंय गं. पण आत कुणी अडवलं तर सांगता आलं पाहिजे, पोरीनं चारचौघांत वाचून दाखवलंय म्हणून. वाच."

चारचौघं म्हणजे वाचनालयाच्या पायरीवर सावलीला बसलेला गारेगारवाला. दुसरं कुणी नव्हतं. एक्क्याऐंशी सालचा मे महिना, दुपारचे तीन. आमच्या वारणेकाठच्या गावात त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडायचं नाही. मी छाती भरून वाचलं. वक्तृत्वात बक्षीस मिळवलेला आवाज होता माझा, उगीच नाही.

"उन्हाळी सुट्टीतील बालवाचनालय. पाच मे ते दहा जून. रोज दुपारी तीन ते पाच. वर्गणी नाही. पुस्तक घरी न्यावयास मिळेल. हात स्वच्छ असावेत. येताना आई आणावी."

"झालं तर मग," आई म्हणाली. "चल."

दोन पायऱ्या चढली आणि थांबली. तिनं स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले. नखांत खळ वाळून बसली होती. ती तशीच मागं फिरली, कोपऱ्यावरच्या नळाखाली उकिडवी बसली आणि दगडानं घासून घासून हात लालभडक होईपर्यंत धुतले. मी आपली उन्हात उभी. मला नुसती घाई झाली होती. सहावीची परीक्षा संपली होती, घरात वाचायला पंचांगाशिवाय काही नव्हतं, आणि आत कपाटंच्या कपाटं भरून पुस्तकं होती.

खळ कसली, ते सांगते. माझी आई, हौसाबाई, बाजारपेठेतल्या छापखान्यात कामाला होती. पुण्याच्या एका प्रकाशकाची पुस्तकं आमच्या गावात छापून यायची, मजुरी स्वस्त पडायची म्हणून. छापलेला मोठा ताव घडी घालून सोळा पानांचा फर्मा करायचा, मग फर्मे एकावर एक जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची. पंधरा-सोळा बायका ओळीनं बसायच्या आणि प्रत्येकीचा फर्मा ठरलेला असायचा. आई तिसऱ्या जागेवर, म्हणून तिच्याकडं तिसरा फर्मा. पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस. घडी घालता घालता ती वाचायची. एकेका पुस्तकाच्या हजार घड्या घालायच्या, म्हणजे तेवढी पानं तोंडपाठच व्हायची. अशी कितीतरी पुस्तकं तिच्या हाताखालून गेली आणि कुठल्याच पुस्तकाचं तेहतिसाव्याच्या आधलं आणि अठ्ठेचाळिसाव्याच्या पुढलं पान तिला माहीत नव्हतं. एकदा तिनं मालकाला विचारलं होतं, फाटकी-बिघडलेली प्रत असली तर घरी नेऊ का म्हणून. मालक सगळ्या बायकांदेखत हसला होता. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

घरात आम्ही दोघीच. मी तीन वर्षांची असताना आई मला काखेत मारून, एक ट्रंक घेऊन सासरहून निघून आली होती. का, ते ती सांगायची नाही. गावाला मात्र सगळं माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं ते गावानं बनवलं होतं.

तर आम्ही आत गेलो.

आत काय बघते, तर आमच्यासारख्याच आणखी दहा-बारा जोड्या. शिंप्याची कुसुम आणि तिची आई, चांभारवाड्यातली दोन भावंडं आणि त्यांची आई, कडेवर तान्हं घेऊन आलेली एक. सगळ्या भिंतीला पाठ लावून उभ्या. मधल्या मोठ्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचणारी चार म्हातारी माणसं, आणि त्यांच्या चष्म्यांवरून आमच्याकडं वळलेले आठ डोळे.

आणि टेबलामागं दात्ये मास्तर.

दात्ये मास्तर म्हणजे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. आधी शाळेत मराठी शिकवायचे, निवृत्त झाल्यावर इथं आले. धोतर, कोट, कोटाच्या खिशात खडू. खडू कशाला, तर गावातली अशुद्ध अक्षरं दुरुस्त करायला. मिठाईच्या दुकानावर 'शुध्द तुप' लिहिलं होतं, तिथं स्टुलावर चढून यांनी दोन्ही शब्द नीट केले होते. न्हाव्याला पाटी पुन्हा रंगवायला लावली होती. लग्नाची पत्रिका घरी आली की लाल पेन्सिलीनं तपासून यजमानांना परत. लोक म्हणायचे, मास्तरांच्या तेराव्याची पत्रिका कोण छापणार, चूक राहिली तर उठून बसतील.

"या, या," मास्तर मुलांना म्हणत होते. मग त्यांनी आयांकडं बघितलं. "आपण... आपलं काय काम होतं?"

"पोरांचं नाव घालायला आलोय," कुसुमची आई म्हणाली.

"ते ठीक आहे. पण आपण सगळ्याजणी..."

"तुम्हीच बोलावलंय न्हवं?" माझी आई म्हणाली. "फळ्यावर लिहिलंय. पोरीनं वाचून दाखवलं मला. चारचौघांत."

मास्तर उठले. बाहेर गेले. दारातून मला ते दिसत होते. फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. त्यांचा हात खिशातल्या खडूकडं गेला आणि तिथंच राहिला.  मग आत आले, तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बसा," ते म्हणाले. "सगळ्याजणी बसा. उभ्या का?"

शिपाई नव्हता, तर स्वतः आतल्या खोलीतून बाकं ओढून आणली. आम्ही पोरांनी हात लावला. आया बसल्या. बसल्या म्हणजे कशा, बाकाच्या कडेला, कधीही उठावं लागेल अशा बेतानं.

पोरांना पुस्तकं वाटली. मला एक जाडजूड परीकथांचं मिळालं, मी लगेच फरशीवर मांडी ठोकली. पण माझा एक कान आईकडं होता. कारण आई उठली होती आणि सरळ मास्तरांच्या टेबलापाशी गेली होती.

"मास्तर, एक विचारू?"

"विचारा की."

"मला एक पुस्तक पाहिजे हुतं. नाव म्हाईत न्हाई."

"लेखक?"

"ते बी म्हाईत न्हाई. आमच्याकडं पुठ्ठा छापत न्हाईत, तो पुण्यासनं येतो. आतलं सांगते. शेवंता म्हणून बाई हाय. तेहतिसाव्या पानावर ती धुणं वाळत घालतीया. नवरा मारतो तिला. सदतिसाव्यावर तिची सासू तिला म्हणती, सोस गं बाई, मी न्हाई का सोसलं. बेचाळिसाव्यावर ती ट्रंक भरती. अठ्ठेचाळिसाव्या पानावर ती यष्टीत बसती, आणि शेवटची ओळ हाय, 'गाडी सुटली.' फुडं काय झालं ते मला म्हाईत न्हाई. चार वर्सं झाली."

मास्तर टेबलावर पुढं झुकले. मग त्यांनी विचारलं, "फर्मा शिवता का तुम्ही?"

"तिसरा."

"तिसरा!" असं म्हणून ते जे उठले ते साठीचे गृहस्थ वाटेनात. कादंबऱ्यांच्या कपाटाशी गेले, एक पुस्तक काढलं, अठ्ठेचाळिसावं पान उघडलं, नाही म्हणून ठेवलं. दुसरं काढलं, ठेवलं. पाचव्या की सहाव्या पुस्तकाला थांबले. "'गाडी सुटली,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. वर्तमानपत्रवाल्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं. मी तिला देवळातसुद्धा इतकी सावध बघितली नव्हती.

"घरी देता येणार नाही," मास्तर म्हणाले. "सभासद व्हावं लागतं, दोन सभासदांची शिफारस लागते. पण इथं बसून वाचा. रोज या. तीन ते पाच."

"शेवटापर्यंत?"

"शेवटापर्यंत."

आईनं पुस्तक उघडलं आणि सरळ एकोणपन्नासावर जाईल असं मला वाटलं. तसं तिनं केलं नाही. ती पहिल्या पानावर गेली. "पहिल्यापासनं वाचते," ती मला म्हणाली. "एकदा तरी."

छापखान्यात तिनं मालकाशी काय भांडण केलं कुणास ठाऊक, पण रोज तीन ते पाच सुटी मिळवली. त्याबद्दल सकाळी दोन तास आधी जायची. रोज आम्ही नळावर हात धुऊन वर चढायचो. तिसऱ्या दिवशी आया तेराच्या सतरा झाल्या. बाकाच्या कडेला बसणाऱ्या आता टेकून बसायला लागल्या. एकीला वाचता येत नव्हतं, तिला तिची पोरगी वाचून दाखवायची आणि बाई मध्येच "हे काय बाई अक्रीत!" म्हणून ओरडायची. तान्हं बाळ पेपरांच्या गठ्ठ्यावर झोपायचं. आई मात्र कुणाशी बोलायची नाही. बोट ओळीखाली ठेवून वाचायची आणि पाच वाजले की पानाचा नंबर मला सांगायची. एकवीस. चाळीस. त्र्याहत्तर. "गेली का गं शेवंता परत?" मी विचारायची. "अजून न्हाई. आता ती मिरजेला हाय, दवाखान्यात कामाला," आई सांगायची, शेजारणीची खबर सांगावी तशी. आमच्या दोघींच्या जेवणात रोज शेवंता असायची.

शुक्रवारी मुतालिक वकील आले.

मुतालिक वकील वाचनालयाचे कार्यवाह. वर्तमानपत्रवाल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडं तक्रार केली होती, की वाचनालयाचा पाणवठा झालाय. ते दारात उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. सतरा बाया, पंचवीस-तीस पोरं, एक झोपलेलं बाळ.

"दात्ये सर," ते म्हणाले. शाळेत मास्तरांचेच विद्यार्थी ते. "जरा बाहेर येता?"

मास्तर गेले. खोलीत चिडीचूप झालं.  बाहेरचं सगळं आत ऐकू येत होतं.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"बालवाचनालयाची सूचना."

"शेवटची ओळ वाचा."

मास्तरांनी वाचली. आवाज बसका होता.

"छत्री आणावी, पिशवी आणावी, तशी आई आणावी? सर, सजीव कर्म आहे. 'आईला आणावे' व्हायला पाहिजे. तुम्हीच मला सहावीत हातावर छड्या मारून शिकवलंय. तुम्हाला लिहायचं होतं, 'आईची सही आणावी.' 'ची सही' राहिली. होय की नाही?"

मी मास्तरांकडं बघत होते. माझ्या मनात आलं, आता नाही म्हणा. एवढं एकदा खोटं बोला.

"होय," मास्तर म्हणाले. "राहिली."

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्या दिवशी लाज वाटली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी..." ते थांबले. "दुसऱ्या दिवशी सांगावंसं वाटलं नाही."

"आपण दोघंच आहोत, मी कुठं बोलणार नाही," वकील जरा मऊ होत म्हणाले. "पुसून टाका, दुरुस्त करा. मुलांना सह्या आणू द्या. बायकांना उद्यापासून यायची गरज नाही म्हणावं. एवढंच."

मास्तरांनी कोनाड्यातलं फडकं घेतलं.

माझ्या शेजारी बाक करकरलं. आई उठली होती. पुस्तक हातात, बोट पानात अडकवलेलं. एकशे बारावं पान. शेवंताचा नवरा दवाखान्यात येऊन तिच्यासमोर उभा राहिला होता, एवढं मला तिनं कुजबुजून सांगितलं होतं. आता उठलो तर पुढचं कधीच कळणार नव्हतं. ती दाराकडं चालायला लागली. मी तिचा पदर धरला. "आई, नको गं." मला भीती वाटली, माझंही पुस्तक जाईल. तिनं पदर सोडवून घेतला.

"मास्तर, थांबा," ती बाहेर जाऊन म्हणाली. "ह्यात चूक काय झाली?"

वकिलांनी तिच्याकडं बघितलं. "बाई, हे व्याकरण आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाई कळायचं. म्हणून तर इचारते. आमच्यात म्हणत्यात, औंदा घरात सून आणावी. 'सुनेला आणावे' कोण म्हणतंय? तुमच्यात काय म्हणत्यात?"

वकिलांनी फळ्याकडं बघितलं.

"आमच्यातबी सून आणावीच म्हणत्यात," पायरीवरून गारेगारवाला म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरांचं फडकं फळ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. वर्गात अवघड वाक्य सोडवताना हलायचे तसे. "सून आणावी," ते पुटपुटले. "बायको आणली. नवरी आणली. दाई आणावी. वैद्य आणावा..." मग ते गर्रकन वळले, आणि देवाशप्पथ सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला. "मुतालिक! कर्मणी प्रयोग आहे हा. सजीव कर्माला 'ला' लागलाच पाहिजे असं नाही. मी तुला अर्धवट शिकवलं!"

मी पुढं तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. सजीव कर्माचा धडा आला की मी फळ्यावर हेच वाक्य लिहायची आणि पोरांना विचारायची, शुद्ध की अशुद्ध? पण मला हा नियम कुणा पंडितानं शिकवलेला नाही. नखात खळ असलेल्या बाईनं तो रस्त्यावर उभं राहून मांडलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

वकील काही कच्चे नव्हते. "ते वेगळं, सर," ते म्हणाले. "सून आणतात ती घरात राहायला आणतात."

"मग?" आई म्हणाली.

एवढंच. मग?

आत बसलेल्या बाया आता दारात येऊन उभ्या होत्या. वकिलांनी त्यांच्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि त्यांचा तोल गेला. "सुनेचं उदाहरण निदान तुम्ही तरी देऊ नये, बाई. तुम्ही किती दिवस राहिलात, ते गावाला माहीत आहे."

 कुसुमच्या आईनं तोंडाला पदर लावला. गारेगारवाल्यानं मान खाली घातली. मला वाटलं, आता आई रडेल, नाहीतर मला ओढत घरी नेईल आणि पुन्हा या रस्त्यानंसुद्धा जाणार नाही.

आई रडली नाही. तिनं पानातलं बोटही काढलं नाही.

"चार वर्सं राहिले, वकीलसाहेब," ती म्हणाली. "आणलेल्या बाईला कसं वागवू नये, ते चार वर्सं अंगावर शिकले. म्हणून माझ्याइतकं नीट तुम्हाला दुसरं कोण सांगणार? आणायचीच असंल तर नीट आणा. बसवा. आणि उठ म्हणू नका. ह्या मास्तरांनी आम्हाला बाकं ओढून दिली. माझ्या जन्मात मला बस म्हणून कुणी बाक ओढलं नव्हतं. मी काय आता उठणार न्हाई."

आणि ती वळली, बायांच्या मधून वाट काढत आत गेली, आपल्या जागेवर बसली आणि एकशे बारावं पान उघडलं.  पुस्तक मांडीवर टेकवून तिनं ओळीखाली बोट ठेवलं.

एकेक करत बाया आत जाऊन बसल्या.

मास्तरांनी फडकं घडी करून कोनाड्यात ठेवलं. खिशातला खडू काढला आणि 'येताना आई आणावी' या ओळीखाली एक जाड रेघ ओढली.

"मी समितीपुढं ठेवीन हे," वकील म्हणाले.

"जरूर ठेव. मी व्याकरणाचं पुस्तक घेऊन येतो."

समितीची सभा झाली. म्हणे त्या सभेत मास्तर आणि वकील दोन तास सजीव कर्मावर भांडले आणि बाकीचे सभासद जांभया देऊन देऊन दमले. शेवटी कुणीतरी ठराव मांडला, की फळा आहे तसा राहू द्यावा आणि सर्वांनी घरी जावं. तो एकमतानं मंजूर झाला. पुढच्या वर्षीही फळ्यावर तीच ओळ होती, त्याच्या पुढच्या वर्षीही. नंतर तर दुपारी तीन ते पाच ही बायकांची वेळच होऊन बसली आणि पेपर वाचायला म्हातारी माणसं सकाळी यायला लागली. आईच्या सभासदत्वाच्या अर्जावर पहिली शिफारस दात्ये मास्तरांची आहे. दुसरी कुणाची असेल? मुतालिक वकिलांची. अर्ज मी स्वतः बघितलाय. सही करताना त्यांनी आईची माफी मागितली, असं मास्तर सांगायचे. आई म्हणायची, मागितली न्हाई, पण चष्मा काढून उभे हुते, तेवढं बास झालं.

पण हे सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यातला शेवटचा दिवस अजून सांगायचा राहिला.

दहा जूनला आईची चौदा पानं उरली होती. छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची घाई सुरू झाली होती, त्यामुळं मधले तीन आठवडे तिला येता आलं नव्हतं. मी तीन-चार वेळा म्हटलं, तुला मी शेवट वाचून सांगते, दोन मिनिटांचं काम. तर माझ्यावर डोळे वटारले. "हात तर लाव त्या पुस्तकाला," म्हणाली.

पाच वाजले. पोरांनी पुस्तकं जमा केली. मास्तरांनी प्रत्येकाला एकेक पेन्सिल दिली, आया नमस्कार करून गेल्या. आई वाचत होती. मास्तर रोज पाचाला घंटी वाजवायचे, ती त्यांनी हातात घेतली, आईकडं बघितलं आणि आवाज न करता परत ठेवली. खिडक्या लावल्या, तिच्याजवळची एक उघडी ठेवली. मग ते आपल्या खुर्चीत बसून राहिले.  मला भूक लागली होती, पण बोलायची छाती नव्हती.

पाच वीसला आईनं शेवटचं पान वाचलं. उलटलं. मागं कोरं पान होतं, तेही बघितलं. पुस्तक मिटलं आणि हात त्यावर ठेवून बसली.

"आई," मी म्हटलं. "गेली का शेवंता परत?"

"गेली," आई म्हणाली.

"मग?"

"नवरा दारात उभा हुता. ती पाया पडली. त्यानं उचलली. संपलं."

मास्तर हसत उठले. "झालं ना वाचून? पहिल्यापासून शेवटापर्यंत! अभिनंदन, हौसाबाई. कसं वाटलं?"

आईनं पुस्तक उचललं, त्यांच्या टेबलापाशी गेली आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

"चुकलंय," ती म्हणाली.

मास्तरांचं हसू थांबलं. "काय चुकलंय?"

"शेवट. ती बाई परत जायाची न्हाई. गेली असं लिहिणाऱ्यानं लिहिलंय. पण त्याचं चुकलंय, मास्तर."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या त्या माणसानं समोरची खुर्ची ओढली आणि आईला बसा म्हणून खूण केली. मग कोटाच्या खिशातून लाल पेन्सिल काढली, चष्मा नीट बसवला आणि पुस्तक पुढं ओढलं.

"कुठल्या पानापासून?" त्यांनी विचारलं.

आई बसली. तिनं पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बोलायला लागली. घरी पोचायला आम्हाला साडेसात झाले.